‘झेड’ : राजकीय थरारपटाची बलस्थाने आणि इतिहासकथनाच्या दृष्टीने त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासाची ओळख सर्वसामान्य माणसाला ग्रंथांपेक्षा चित्रपटांतून अधिक होऊ लागली. युद्धे, क्रांत्या, हत्या, सत्तांतरे यांची जी प्रतिमा आज लोकमानसात आहे, तिचा मोठा भाग पडद्यावरून आलेला आहे. त्यामुळे चित्रपट हा इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येण्यासारखा विषय राहिलेला नाही. फ्रेंच इतिहासकार मार्क फेरो यांनी चित्रपटाचा विचार इतिहासाचे साधन म्हणून करावा असा आग्रह धरला, तर अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट रोझेनस्टोन यांनी चित्रपटाची इतिहास सांगण्याची रीत ग्रंथापेक्षा वेगळी असते व तिचे मूल्यमापन तिच्या स्वतःच्या नियमांनी व्हावे असे प्रतिपादन केले. या दोन्ही भूमिकांची कसोटी राजकीय थरारपट या प्रकारात विशेष लागते. कारण थरारपटाला वेग हवा असतो आणि इतिहासाला सावकाशपणा. थरारपटाला एक गुन्हेगार हवा असतो आणि इतिहासाला अनेक कारणे.

या संघर्षाचे एक उत्तम उदाहरण म्हणजे कोस्ता-गाव्रास यांनी दिग्दर्शित केलेला ‘झेड’ (1969) हा फ्रेंच भाषेतील चित्रपट होय. ग्रीसमधील खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांची 1963 मध्ये झालेली हत्या आणि तिचा तपास हा त्याचा विषय. राजकीय थरारपट या प्रकाराला जगभर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या चित्रपटांत त्याची गणना होते. प्रस्तुत निबंधात या चित्रपटाची बलस्थाने व मर्यादा यांचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

1. लाम्ब्राकिस हत्येची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
2. मूळ घटना, तिच्यावरील कादंबरी आणि चित्रपट यांतील साम्य व भेद तपासणे.
3. चित्रपटाने इतिहासातील काय ठळक केले व काय झाकले, याचा शोध घेणे.

त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. चित्रपटातील दृश्ये हे प्राथमिक साधन मानले असून त्यांची सांगड 1946 ते 1974 या काळातील ग्रीसच्या राजकीय घटनाक्रमाशी घातली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात जर्मन, इटालियन व बल्गेरियन फौजांच्या ताब्यात गेलेल्या ग्रीसमध्ये प्रतिकाराची सर्वांत मोठी चळवळ कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली होती. जर्मन सैन्य माघारी गेल्यानंतर या चळवळीचा राजसत्तावादी पक्षांशी संघर्ष झाला आणि 1946 ते 1949 या काळात देश यादवी युद्धात होरपळून निघाला. मार्च 1947 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस व तुर्कस्तान यांना मदत देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी ग्रीसमध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. यादवीत डाव्यांचा पराभव झाला. परंतु यादवी संपली तरी तिच्यासाठी उभी केलेली यंत्रणा संपली नाही. सरकारी नोकरी, परवाना, पारपत्र यांसाठी पोलिसांकडून राजनिष्ठेचा दाखला मिळवावा लागे. ज्याच्या कुटुंबात कोणी डावा असेल, त्याची नोंद पोलिसांच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या राही.

संसद, निवडणुका, वृत्तपत्रे, न्यायालये असे लोकशाहीचे सर्व अवयव या काळात दिसत होते; पण त्यांच्या शेजारी दुसरी एक व्यवस्था चालत होती. ग्रीक भाषेत तिला ‘पाराक्रातोस’ म्हणजे राज्याला समांतर असलेले राज्य असे म्हटले जाई. पोलीस व गुप्तचर यांच्या आश्रयाने वावरणाऱ्या उजव्या विचारांच्या टोळ्या हा तिचा दृश्य भाग होता. सभा उधळणे, विरोधकांना मारहाण करणे, पाहुण्या नेत्यांच्या स्वागताच्या वेळी ‘स्वयंसेवक’ म्हणून रस्त्यावर उभे राहणे ही या टोळ्यांची कामे. ऑक्टोबर 1961 च्या निवडणुकीत हिंसा व गैरप्रकार झाल्याचा आरोप मध्यममार्गी नेते गेओर्गिओस पापांद्रेऊ यांनी केला आणि तेव्हापासून पंतप्रधान कोन्स्तान्तिनोस करामानलिस यांच्या सरकारविरुद्ध मोहीम उघडली.

याच निवडणुकीत पिरेयस येथून ग्रिगोरिस लाम्ब्राकिस (1912–1963) संसदेवर निवडून आले होते. ते अथेन्स विद्यापीठात स्त्रीरोगशास्त्राचे अध्यापक होते. तरुणपणी लांब उडीतील राष्ट्रीय विक्रम त्यांच्या नावावर होता आणि बाल्कन क्रीडास्पर्धांत त्यांनी पदके मिळवली होती. डाव्या आघाडीच्या सहकार्याने निवडून आले असले तरी त्यांची ओळख मुख्यतः शांतता चळवळीतील कार्यकर्ते म्हणून होती. एप्रिल 1963 मध्ये त्यांनी ब्रिटनमधील ऑल्डरमॅस्टन येथील अण्वस्त्रविरोधी मोर्चात भाग घेतला. परतल्यावर 21 एप्रिल 1963 रोजी मॅरेथॉन ते अथेन्स अशी शांतता पदयात्रा योजली होती. सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि अनेकांना अटक केली. संसद सदस्यत्वाचे संरक्षण असलेले लाम्ब्राकिस मात्र शांततेचे चिन्ह असलेले फलक हाती धरून एकटेच चालत राहिले. त्यांचे हे छायाचित्र पुढे ग्रीसच्या सार्वजनिक स्मृतीचा भाग झाले.

त्यानंतर अवघ्या महिनाभराने, 22 मे 1963 रोजी, थेस्सालोनिकी येथील सभा आटोपून बाहेर पडत असताना एका तीनचाकी मालवाहू गाडीतून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर हल्ला केला. गाडी चालवणारा एक आणि मागच्या हौद्यातून डोक्यावर दांडका मारणारा दुसरा. रस्त्यावर पोलीस मोठ्या संख्येने हजर होते. त्याच संध्याकाळी गेओर्गिओस त्सारुखास या दुसऱ्या खासदारालाही मारहाण झाली. मानोलिस हात्झिआपोस्तोलू या तरुणाने धावत्या गाडीवर उडी घेऊन हल्लेखोरांशी झटापट केली, म्हणूनच ते हाती लागले. अन्यथा हा प्रकार रस्त्यावरील अपघात म्हणूनच नोंदला गेला असता. लाम्ब्राकिस 27 मे रोजी मरण पावले. अथेन्समधील त्यांच्या अंत्ययात्रेला लाखोंचा जनसमुदाय लोटला. ‘झी’ म्हणजे ‘तो जिवंत आहे’ या ग्रीक शब्दाचे आद्याक्षर भिंतीभिंतींवर रंगवले जाऊ लागले. चित्रपटाचे शीर्षक तेच अक्षर आहे.

घटना, कादंबरी आणि चित्रपट

या हत्येचा तपास ख्रिस्तोस सार्तझेताकिस या चौतिशीतील न्यायाधीशाकडे आला. ग्रीस, फ्रान्स आदी देशांच्या पद्धतीत गंभीर गुन्ह्याचा तपास न्यायाधीश स्वतः करतो. साक्षी नोंदवतो आणि आरोप ठेवावा की नाही याविषयी निर्णय घेतो. ही पद्धत लक्षात घेतल्याशिवाय चित्रपटाची रचना नीट कळत नाही. सार्तझेताकिस यांनी वरिष्ठांच्या दबावाला दाद न देता तपास पुढे नेला. काही पत्रकारांनी स्वतंत्रपणे साक्षीदार शोधून काढले. दोघे हल्लेखोर एकटे नव्हते आणि त्यांचे धागेदोरे पोलीस दलातील वरिष्ठांपर्यंत पोहोचतात, हे हळूहळू उघड झाले.

ग्रीक लेखक व्हासिलिस व्हासिलिकोस यांनी या प्रकरणावर लिहिलेली ‘झेड’ ही कादंबरी 1966 मध्ये प्रसिद्ध झाली. ‘एका गुन्ह्याचा कल्पित माहितीपट’ असे तिचे उपशीर्षक आहे. कागदपत्रांचा आधार घेतानाच ती काव्यात्म होते. मृत नायकाच्या आत्म्याचे चिंतनही तिच्यात येते. 21 एप्रिल 1967 रोजी, म्हणजे लाम्ब्राकिस यांच्या एकाकी पदयात्रेनंतर बरोबर चार वर्षांनी, ग्रीसमध्ये लष्करातील कर्नलांच्या गटाने सत्ता बळकावली. कादंबरीवर बंदी आली आणि लेखकाला परदेशात राहावे लागले.

कोस्ता-गाव्रास (जन्म 1933) हे मूळचे ग्रीक. त्यांच्या वडिलांनी युद्धकाळात डाव्या प्रतिकार चळवळीत भाग घेतला होता आणि त्याची शिक्षा युद्धानंतर कुटुंबाला भोगावी लागली. ग्रीसमध्ये उच्च शिक्षणाची वाट बंद झाल्याने ते फ्रान्सला गेले. कर्नलांच्या उठावानंतर त्यांनी या कादंबरीवर चित्रपट करण्याचे ठरवले. पटकथेसाठी त्यांना साथ मिळाली ती होर्हे सेम्प्रून यांची. सेम्प्रून स्पॅनिश होते, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेले होते आणि 1964 मध्ये स्पॅनिश कम्युनिस्ट पक्षातून त्यांची हकालपट्टी झालेली होती. हुकूमशाही आणि पक्षशिस्त या दोहोंचा अनुभव घेतलेला हा लेखक होता.

ग्रीसमध्ये चित्रीकरण अशक्य होते. नुकत्याच, 1962 मध्ये स्वतंत्र झालेल्या अल्जीरियाने सहनिर्मिती केली आणि अल्जिअर्स शहर पडद्यावर थेस्सालोनिकी झाले. अभिनेते झाक पेराँ यांनी निर्मितीची जबाबदारी उचलली आणि पत्रकाराची भूमिकाही केली. संगीतकार मिकिस थेओडोराकिस तेव्हा ग्रीसमध्येच स्थानबद्ध होते. त्यांच्या संमतीने त्यांच्या आधीच्या रचना चित्रपटात वापरण्यात आल्या. कान महोत्सवात (1969) चित्रपटाला ज्युरी पुरस्कार आणि झाँ-लुई त्रँतिन्याँ यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 1970 च्या ऑस्कर समारंभात अल्जीरियाच्या वतीने पाठवलेल्या या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपट व सर्वोत्कृष्ट संकलन असे दोन पुरस्कार पटकावले. कर्नलांची राजवट 1974 मध्ये कोसळेपर्यंत मात्र ज्या देशाची ही कथा, त्या देशातील प्रेक्षकांना तो चित्रपटगृहात पाहता आला नाही.

चित्रपटाची बलस्थाने

‘झेड’चे पहिले बलस्थान म्हणजे त्याचा उघड पवित्रा. कथेतील व्यक्ती व प्रसंग काल्पनिक असल्याचा खुलासा चित्रपटाच्या आरंभी देण्याची प्रथा आहे. ‘झेड’च्या आरंभी ही प्रथा उलटी केली आहे. प्रत्यक्ष घटनांशी व व्यक्तींशी आढळणारे साम्य योगायोगाचे नसून हेतुपुरस्सर आहे, असे तेथे दिग्दर्शक व पटकथाकार यांच्या सहीनिशी सांगितले जाते. एक राजवट प्रत्यक्ष सत्तेवर असताना तिच्या मुळाशी असलेल्या गुन्ह्याचे नाव घेण्याचे हे धाडस होते. डिसेंबर 1969 मध्ये छळाच्या आरोपांवरून युरोप परिषदेतून हकालपट्टी होण्याची वेळ आली, तेव्हा ग्रीसने स्वतःच परिषद सोडली. त्याच वर्षी हा चित्रपट युरोप-अमेरिकेतील चित्रपटगृहांत होता. म्हणजे तो इतिहासाविषयीचा चित्रपट असतानाच चालू इतिहासातील एक हस्तक्षेपही होता.

दुसरे बलस्थान म्हणजे सत्तेच्या भाषेचे अचूक निरीक्षण. चित्रपटाची सुरुवात एका कंटाळवाण्या सरकारी व्याख्यानाने होते. द्राक्षवेलींवर पडणारा केवडा रोग आणि त्यावर मोरचुदाची फवारणी हा त्याचा विषय. त्यानंतर जेंडार्मरी या अर्धलष्करी पोलीस दलाचा जनरल उठतो आणि तेच रूपक पुढे चालवतो. समाजालाही वैचारिक केवडा लागतो आणि त्यावर वेळीच फवारणी करावी लागते, असे तो सांगतो. विरोधकाला माणूस न मानता रोग मानले की त्याचा नायनाट हे प्रशासकीय काम ठरते. पुढे जे घडणार आहे, त्याची सारी मानसिकता या एका प्रसंगात, एकही गोळी न झाडता, स्पष्ट होते.

तिसरे बलस्थान म्हणजे हिंसेच्या अर्थकारणाचे चित्रण. मारेकरी यागो हा तीनचाकी चालवणारा गरीब माणूस आहे आणि त्याची गाडी हेच त्याचे पोट आहे. बाजारात अंजीर विकणाऱ्याला परवाना टिकवायचा असतो. या माणसांना कोणत्याही विचारसरणीचे प्रेम नाही. पोलिसांची मर्जी राखणे ही त्यांची उपजीविकेची अट आहे. ज्या देशात साध्या परवान्यासाठीही पोलिसांचा दाखला लागतो, तेथे गुंड पैसे देऊन आणावे लागत नाहीत, हे सत्य चित्रपट भाषणबाजी न करता दाखवतो. त्याच्या विरुद्ध टोकाला निक हा शवपेट्यांना रोगण लावणारा कारागीर उभा आहे. तो कोणत्याही पक्षाचा नाही. परंतु जे ऐकले ते सांगितले पाहिजे एवढेच त्याला वाटते. त्यासाठी तो मार खातो, आई व बहीण यांचा रोष पत्करतो, पण साक्ष फिरवत नाही.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे बलस्थान म्हणजे तपासाची प्रक्रिया. त्रँतिन्याँ यांनी रंगवलेला न्यायाधीश शांत, कोरडा, रंगीत काचांचा चष्मा घालणारा आहे. तो डावा नाही आणि मृत नेत्याविषयी त्याला विशेष आस्थाही नाही. साक्षी नोंदवताना तो ‘घटना’ हा शब्द कटाक्षाने वापरतो; पुरावा जमत जातो आणि एका क्षणी त्याच्या तोंडून ‘हत्या’ हा शब्द निघतो. हे शब्दांतर हाच चित्रपटाचा कळस म्हणावा लागेल. पुराव्याने मत कसे बदलते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा प्रसंग चित्रपटसृष्टीत विरळाच. इतिहासाच्या अभ्यासकाला तो विशेष जवळचा वाटावा. कारण साधनांची छाननी करून मगच संज्ञा वापरणे ही त्याचीही शिस्त आहे.

तंत्राच्या बाजूनेही चित्रपट भक्कम आहे. राऊल कुतार यांचे हातातील कॅमेऱ्याने केलेले छायालेखन आणि फ्राँस्वाज बोनो यांचे वेगवान संकलन यांमुळे हल्ल्याचा प्रसंग पुनःपुन्हा, वेगवेगळ्या साक्षीदारांच्या नजरेतून दिसतो. अखेरीस एकामागून एक बिल्ले-पदके मिरवणारे अधिकारी न्यायाधीशाच्या खोलीत येतात, आरोप ऐकतात आणि बाहेर पडताना बंद दाराशी अडखळतात. टंकलेखन यंत्राचा खडखडाट सुरूच असतो. सत्तेचा दरारा हास्यास्पद ठरवण्याचे सामर्थ्य या दृश्यांत आहे.

चित्रपटाच्या मर्यादा

या गुणांमधूनच चित्रपटाच्या मर्यादाही निर्माण होतात. पहिली मर्यादा स्थळकाळाच्या संदिग्धतेची. चित्रपटात देशाचे नाव येत नाही. नायकाला नाव नाही. तो केवळ ‘डॉक्टर’ किंवा ‘खासदार’ आहे. त्यामुळे कथेला सार्वत्रिकता लाभली आणि अनेक देशांतील प्रेक्षकांना ती आपली वाटली, हे खरे. परंतु त्याची किंमत अशी की यादवी युद्ध, कम्युनिस्ट पक्षावरील बंदी, राजनिष्ठेचे दाखले ही कारणपरंपरा पडद्याबाहेर राहिली. ‘पाराक्रातोस’ ही वीस वर्षांच्या इतिहासातून घडलेली व्यवस्था होती. चित्रपटात ती काही क्रूर व मूर्ख अधिकाऱ्यांचा कट वाटते. गुन्हा कसा घडला हे प्रेक्षकाला तपशिलाने कळते, पण तो घडू शकण्याजोगी परिस्थिती कशी आली हे कळत नाही.

दुसरी मर्यादा व्यक्तिचित्रणाची. ईव्ह मोंताँ यांचा नायक थोडाच वेळ पडद्यावर असतो आणि तेवढ्यात तो प्रतिमेपलीकडे जात नाही. लाम्ब्राकिस यांच्या आयुष्यातील वैद्यक, क्रीडा व राजकारण यांचा दुर्मीळ मेळ त्यामुळे अस्पष्टच राहतो. इरेन पापास यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला पत्नीच्या भूमिकेत शोक व मौन एवढेच वाट्याला आले आहे; चळवळीतील स्त्रियांना कथेत जवळजवळ स्थान नाही. प्रतिपक्षातील अधिकारी बहुतांशी व्यंगचित्रे आहेत. व्हागो या मारेकऱ्याच्या लैंगिकतेकडे केलेले सूचक निर्देश तर दुष्टपणाची खूण म्हणून वापरले आहेत. आजच्या दृष्टीने हा दोष अधिकच खटकतो. विरोधक हास्यास्पद ठरला की प्रेक्षक सुखावतो. मात्र अशी माणसे इतकी वर्षे सत्तेवर कशी टिकली, हा प्रश्न त्याला पडत नाही.

तिसरी मर्यादा तत्कालीन डाव्या समीक्षकांनी दाखवली. झाँ-लुई कोमोली व झाँ नार्बोनी यांनी 1969 मध्येच ‘काइए द्यु सिनेमा’ या नियतकालिकात, विषय उघड राजकीय असूनही मांडणी मात्र प्रस्थापित चौकटीतच राहणाऱ्या चित्रपटांची चिकित्सा करताना ‘झेड’चा उल्लेख केला. उत्कंठा, पाठलाग, शेवटी गुन्हेगाराचा पर्दाफाश या रूढ साच्यात राजकारण बसवले की प्रेक्षक विचार करण्याऐवजी समाधान घेऊन घरी जातो, असा या प्रकारच्या टीकेचा रोख होता. ही टीका पूर्णतः स्वीकारता येत नाही. साचा रूढ होता म्हणूनच लक्षावधी लोकांनी चित्रपट पाहिला आणि ग्रीसमधील राजवटीचे नाव त्यांच्या कानी गेले. तरीही टीकेत तथ्य आहे. कोस्ता-गाव्रास व सेम्प्रून यांनी लगेच पुढच्या वर्षी ‘ल’आव्ह्यू’ म्हणजे ‘कबुलीजबाब’ (1970) हा चित्रपट करून चेकोस्लोव्हाकियातील 1952 च्या बनावट खटल्यावर, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीच्या अन्यायावर प्रकाश टाकला. त्यात खलनायकांना हास्यास्पद करण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला, ही बाब येथे नोंदवण्यासारखी आहे.

चौथी मर्यादा कालक्रमाची असून इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत गंभीर आहे. चित्रपटात अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले जातात, प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि लगेच वृत्तनिवेदनाच्या शैलीत पुढचे सारे उलगडते. साक्षीदारांचे मृत्यू, सौम्य शिक्षा, सरकारचा राजीनामा, लष्कराची सत्ता, न्यायाधीशाची हकालपट्टी हे सगळे काही मिनिटांत येते. अखेरीस नव्या राजवटीने बंदी घातलेल्या गोष्टींची लांबलचक यादी येते. तिच्यात सोफोक्लीस आहे, टॉलस्टॉय आहे, लांब केस आहेत, आधुनिक गणित आहे आणि शेवटी ‘झेड’ हे अक्षरही आहे. परिणामाच्या दृष्टीने हा शेवट अविस्मरणीय आहे. परंतु त्यातून असा ठसा उमटतो की एका प्रामाणिक तपासाला सत्ताधाऱ्यांनी रणगाड्यांनी उत्तर दिले.

प्रत्यक्षात हत्या आणि उठाव यांच्यामध्ये जवळजवळ चार वर्षे गेली. करामानलिस यांनी जून 1963 मध्ये राजघराण्याशी झालेल्या मतभेदातून राजीनामा दिला. नोव्हेंबर 1963 च्या निवडणुकीत पापांद्रेऊ यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि फेब्रुवारी 1964 मध्ये त्याला निर्विवाद बहुमत मिळाले. म्हणजे ज्या विरोधी पक्षाचा विजय लष्कराने रोखल्याचा भास चित्रपटात होतो, तो पक्ष प्रत्यक्षात सत्तेवर आला होता. जुलै 1965 मध्ये राजे कोन्स्तान्तिनोस यांच्याशी झालेल्या संघर्षात पापांद्रेऊ यांना पायउतार व्हावे लागले. पुढे त्यांच्याच पक्षातील फुटिरांच्या बळावर अल्पजीवी सरकारे आली. याच अस्थिर काळात, ऑक्टोबर ते डिसेंबर 1966 मध्ये, लाम्ब्राकिस खटला चालला. दोघा हल्लेखोरांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या आणि वरिष्ठ पोलीस अधिकारी निर्दोष सुटले.

या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. अधिकाऱ्यांची सुटका कर्नलांनी केली नाही. ती उठावाच्या चार महिने आधी, संविधान अस्तित्वात असताना, उघड्या न्यायालयात, ज्युरींच्या निर्णयाने झाली. न्यायसंस्थेने आपले काम करू पाहिले आणि लष्कराने ते मोडले, हे अर्धे सत्य आहे. राजवाडा, राजकीय पक्ष, पक्षांतर करणारे आमदार-खासदार, सावधपणे वागणारे वरिष्ठ न्यायाधीश आणि भयभीत समाज यांनी लोकशाहीची भिंत आधीच पोकळ केली होती. रणगाड्यांनी ती पाडली एवढेच. थरारपटाला खलनायक दाखवता येतो, पोकळ होत जाणारी भिंत दाखवता येत नाही. चार वर्षांची ही संथ पडझड काही मिनिटांच्या निवेदनात आटोपते आणि इतिहासाचा सर्वांत बोधप्रद भाग नेमका तेथेच निसटतो.

भारतीय रूपांतराचा संदर्भ

या मर्यादेची जाणीव एका भारतीय चित्रपटाच्या तुलनेत अधिक स्पष्ट होते. दिबाकर बॅनर्जी यांचा ‘शांघाय’ (2012) हा हिंदी चित्रपट व्हासिलिकोस यांच्याच कादंबरीवर आधारलेला आहे. येथे विकास प्रकल्पाला विरोध करणारे डॉ. अहमदी वाहनाखाली चिरडले जातात आणि चौकशीची जबाबदारी एका सनदी अधिकाऱ्यावर येते. भारतीय परिस्थितीत लष्करी उठावाचा शेवट पटण्याजोगा नव्हता. त्यामुळे पटकथेला वेगळी वाट शोधावी लागली. हाती आलेले सत्य सरळ न्यायालयात पोहोचत नाही. ते सत्ताधाऱ्यांतील देवघेवीचे साधन होते. रणगाडे येत नाहीत, निवडणुका थांबत नाहीत आणि प्रकल्पाचे कामही थांबत नाही. ‘झेड’इतका वेग व आवेश ‘शांघाय’मध्ये नाही, परंतु संस्था बाहेरून शाबूत राहूनही आतून निष्प्रभ कशा होतात, हे 1963 ते 1966 च्या ग्रीसचे वास्तव त्यात ‘झेड’पेक्षा अधिक उतरले आहे, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1. ‘झेड’ हा लाम्ब्राकिस हत्येच्या तपासाचा प्रभावी आणि मुख्य घटनांच्या बाबतीत बव्हंशी विश्वसनीय चित्रपट आहे. सत्तेची भाषा, गुंडगिरीचे अर्थकारण आणि पुराव्याची शिस्त ही त्याची टिकाऊ बलस्थाने होत.

2. हत्येच्या कारणपरंपरेचे आणि हत्येनंतरच्या चार वर्षांचे चित्रण त्यात अपुरे आहे. हा दिग्दर्शकाच्या कौशल्याचा अभाव नसून थरारपट या प्रकाराची अंगभूत मर्यादा आहे.

3. 1963 च्या ग्रीसइतकाच हा चित्रपट 1969 च्या युरोपचाही दस्तऐवज आहे. निर्वासित दिग्दर्शक, स्थानबद्ध संगीतकार, नवस्वतंत्र अल्जीरियाचे साहाय्य या साऱ्यांतून त्या काळाची आंतरराष्ट्रीय राजकीय जाणीव व्यक्त होते.

4. इतिहासाच्या वर्गात हा चित्रपट दाखवावयाचा झाल्यास त्यासोबत 1946 ते 1967 चा घटनाक्रम विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. चित्रपटाच्या अखेरचे निवेदन आणि प्रत्यक्ष कालक्रम यांची तुलना हा विद्यार्थ्यांसाठी साधनचिकित्सेचा चांगला पाठ ठरू शकेल.

लाम्ब्राकिस प्रकरणातील व्यक्तींचे पुढचे आयुष्य पाहता चित्रपट जेथे संपतो तेथे इतिहास संपला नव्हता, हे ध्यानात येते. त्सारुखास 1968 मध्ये कर्नलांच्या कोठडीत मरण पावले. सार्तझेताकिस यांना त्याच वर्षी न्यायसेवेतून काढण्यात आले, पुढे त्यांनी तुरुंगवासही भोगला. राजवट गेल्यावर ते सेवेत परतले आणि 1985 ते 1990 या काळात ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले. एक प्रामाणिक अधिकारी पुरेसा असतो, हा दिलासा चित्रपट देतो. तो प्रामाणिक अधिकारी 1963 मध्येही होता आणि त्याने आपले काम चोख केले होते, तरीही 1966 मध्ये आरोपी अधिकारी सुटले आणि 1967 मध्ये लोकशाही गेली. त्याच्या मागेपुढे उभ्या राहावयाच्या संस्था उभ्या राहिल्या नाहीत, हे त्याचे कारण. ते कारण शोधण्याची जबाबदारी चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकावर आणि त्याला इतिहास शिकवणाऱ्या अध्यापकावर येते.